अष्टमीची भरती, पौर्णिमेचा चंद्र

कातरवेळी पाण्यावरच्या होड्यांचा फोटो काढायला निघालेल्या माणसाच्या मागण्या तशा फार नसतात. भरती असावी, म्हणजे चिखल झाकला जातो. आकाशात पूर्ण चंद्र असावा. ढग असावेत, पण बेताचे. वारा पडलेला असावा, म्हणजे प्रतिबिंब फुटत नाही. होड्यांनी तोंडं आपल्याकडे करून स्तब्ध उभं राहावं. एवढं जुळलं की झालं. कोकणच्या किनाऱ्यावर नेमकं एवढंच जुळत नाही, आणि यामागे समुद्राचा काही जुना राग असावा असा संशय घ्यायला पुरेशी जागा आहे.

पहिला घोळ पंचांगाचा. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास, आणि सहा तास मागेपुढे, ऐन दिवेलागणीला, ओहोटी. पूर्ण चंद्र उगवतो तेव्हा किनाऱ्यालगतच्या होड्या चिखलात कुशीवर कलंडलेल्या असतात. शिवाय चंद्र उगवतो पूर्वेला आणि आपला समुद्र पश्चिमेला. फोटो काढणारा समुद्राकडे तोंड करून उभा, आणि ज्याच्यासाठी आला तो चंद्र त्याच्या पाठीमागे, कुणाच्या तरी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर. पहाटे तो समुद्रात मावळतो हे खरं, पण तेव्हाही ओहोटीच.

आता अष्टमी घ्या. आठाची पाऊणपट सहा. नवमीला पावणेसात. थंडीच्या दिवसांत ही अगदी हवी ती वेळ: सूर्य बुडालेला, आभाळ निळं, पाणी काठोकाठ. पण शुद्ध अष्टमीला चंद्र अर्धा आणि थेट डोक्यावर, होड्यांच्या फ्रेममध्ये काही केल्या न मावणारा. वद्य अष्टमीला तर तो अजून उगवलेलाच नसतो. आणि भरतीही भांगाची, उधाणाच्या मानाने कमी पाण्याची. ढगांचं तेच. वर्षातले सर्वांत नाट्यमय ढग जून-जुलैमध्ये येतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांनी आणि निळ्या प्लास्टिकने शाकारून ठेवलेल्या. ढग पाहिजेत तर होड्या नाहीत, होड्या पाहिजेत तर ढग नाहीत. समुद्र एका वेळी एकच जिन्नस देतो.

तरीही माणसं जातात. दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर दुपार कलली की मासळीचा लिलाव सुरू होतो. मोठ्या नौका आत नांगरलेल्या, छोट्या होड्या त्यांच्यावरून टोपल्या आणतात, आणि पोटापर्यंत पाण्यात उभ्या राहिलेल्या बैलगाड्या तो माल वाळूवर खेचतात. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, कडेला कनकदुर्गावरचं दीपगृह. सूर्य बुडाल्यावर साधारण बावीस-तेवीस मिनिटांत आपल्याकडे संधिप्रकाश जवळजवळ आटोपतो. उत्तरेकडच्या देशांतल्या छायाचित्रकारांना हीच वेळ तासभर पुरते. आपल्याकडे ट्रायपॉडचा तिसरा पाय काढेपर्यंत निम्मी संपते.

ट्रायपॉडचंही तसं गमतीचंच आहे. त्याने कॅमेरा स्थिर होतो, होडी होत नाही. शटर दहा सेकंद उघडं ठेवलं तर पाणी दुधासारखं गुळगुळीत येतं, किल्ला कोरल्यासारखा येतो, आणि ज्या होडीसाठी हा खटाटोप तिचं भूत येतं. म्हणून होडी हवी असेल तर शटर आखूड करावं लागतं. २.८चं छिद्र आणि ३२०० आयएसओ ठेवला तर त्या निळ्या उजेडात सेकंदाचा तिसावा भाग साधारण पुरतो. फोटोत थोडी वाळू पेरल्यासारखे कण येतात, येऊ द्यावेत. आणखी एक गोष्ट बंदरावर बसून बघितली की कळते. डुलणारी होडी झोपाळ्यासारखी दोन्ही टोकांना क्षणभर थबकते. डोलकाठी एका बाजूला पुरती कलली की तिथे ती जवळजवळ स्थिर असते. तेव्हा बटण दाबायचं. मधोमध सरळ उभी दिसते तेव्हा ती सर्वांत वेगात असते. सरळ दिसणाऱ्यांचा असा अनुभव इतरत्रही येतो.

होड्यांची तोंडं हा तिसरा वाद. पुस्तकं सांगतात, नाव फ्रेमच्या आत येताना दिसावी. नांगरलेली होडी मात्र वारा किंवा पाण्याची ओढ जिकडून येते तिकडे नाळ करून उभी राहते, आणि तिच्या शेजारच्या सगळ्याही. भरती फिरली की सगळा ताफा हळूहळू तोंड फिरवतो. रचना करायची ती त्यांनी केलेलीच असते. आपल्याला फक्त थांबायचं किंवा किनाऱ्याने चालत जायचं असतं. अधीर माणूस घरी येऊन संगणकावर फोटो उजव्याचा डावा करतो. दिव्यांनिशी निघालेल्या नौकेच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. फोटो उलटला की ते दोन्ही अदलाबदल होतात आणि नाळेवरचा नोंदणी क्रमांकही उलटा वाचला जातो. शहरातल्या प्रदर्शनात हे कुणाला कळत नाही. बंदरावर शाळकरी पोरालाही कळतं.

हौशी मंडळींची खरी हाव संपादनाच्या पडद्यावर सुटते. दिवसभर समुद्राने जे दिलं नाही ते इथे एकेका स्लायडरने वसूल होतं. मी ओळखतो त्या एका गृहस्थांनी नांगरलेल्या होडीचा सुरेख फोटो काढला होता. त्यात एक जाड दोर तिरपा पाण्यात गेलेला आणि टोकाशी तरंगणारा पांढरा प्लास्टिकचा कॅन. दोन्ही त्यांना खुपले. त्यांनी ते सफाईने पुसले आणि पुढच्या खेपेला फोटो बंदरावर नेऊन ज्यांची होडी त्या नाखवांना दाखवला. नाखवांनी बराच वेळ बघितलं आणि काळजीने विचारलं, “होडी सुटली कधी, साहेब?” कॅन राहिला, निदान त्याचं प्रतिबिंब तरी. ते पुसायचं गृहस्थांच्या ध्यानात आलं नव्हतं. पाण्यात एक पांढरा ठिपका होता, वर काहीच नव्हतं.

प्रतिबिंबाचे कायदे कडक असतात. सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवतं. नजर जितकी पाण्याला चाटून जाईल तितकं जास्त. म्हणून प्रतिबिंब हवं असेल तर धक्क्यावर उभं राहण्यापेक्षा वाळूत बसावं, कपड्यांची तमा न बाळगता. पण कितीही खाली बसलं तरी पाण्यातलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा थोडं काळोखंच राहतं. संपादनात खालचा भाग उजळून दोन्ही सारखे केले, की बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चुकल्याचं कळतं. रंगांचंही तसंच. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यांना लाल रंग आधी काळा पडलेला दिसतो आणि निळा-हिरवा मागे रेंगाळतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट नोंदली. फुलांच्या बागेत संध्याकाळी कुणालाही ती दिसते. कॅमेऱ्याला हा नियम लागू नाही. होडीवरच्या लाल पताका तो रात्री आठलाही लालच दाखवतो. वर आपण रंगाचा स्लायडर ओढला, की बंदरात जत्रा भरते. मोबाइलचा रात्रीचा मोड तर एकामागून एक बरेच फोटो घेऊन त्यांची गोळाबेरीज करतो आणि कण घासून काढतो. त्यात लाकडी होडी फायबरची दिसू लागते. हल्ली बऱ्याच होड्या फायबरच्याच असल्याने ही तक्रार फार ताणता येत नाही.

ही हाव आजची नाही, हा थोडा दिलासा. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराचं १८५६ सालचं पाण्यावरच्या एका जहाजाचं चित्र फार गाजलं. वर गडद ढग, खाली लकाकणारं पाणी, मध्ये काळसर शिडं. लोकांनी ते चांदण्यातलं मानलं, आणि चांदण्यातलं जहाज अशा नावानेही ते ओळखलं गेलं. काढलं होतं मात्र दिवसाउजेडी, त्या काळच्या काचेवर चांदणं उमटणंच शक्य नव्हतं. पुढे त्याने समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी, अशा दोन निगेटिव्ह जोडून एक चित्र छापण्याची युक्ती वापरली, कारण एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही नीट येत नसत. म्हणजे पाण्यावरच्या नावांचं छायाचित्रण जन्माला आलं तेव्हा जोडाजोड त्याच्या पाळण्याशेजारीच बसलेली होती. ल ग्रेला माफ करायचं, कारण त्याच्याकडे दुसरा इलाज नव्हता. आणि त्याने काय जोडलं ते आज आपण कौतुकाने सांगतो. हे भाग्य मोबाइलच्या मोडला मिळेलसं वाटत नाही.

फोटो मुळीच सुधारू नये असं म्हणणारा सोवळेपणाही बरा नाही. क्षितिज कललं असेल तर सरळ करावं, नाहीतर समुद्र एका कोपऱ्यातून सांडतो. आभाळाचा निळा आणि दिव्याचा पिवळा यांतला फरक स्वयंचलित व्हाइट बॅलन्स मिटवू बघतो, तो परत आणावा. कडेला अर्धी कापली गेलेली होडी क्रॉप करावी. सावल्या मात्र उजळायच्या आधी स्वतःला विचारावं, तिथे उभा असताना मला त्या कोपऱ्यात काय दिसत होतं? काही दिसत नसेल, तर फोटोतही दिसायचं कारण नाही. बंदरावरचा निम्मा अंधार अंधारच असतो, आणि दिवा कुठे लावायचा हे तिथल्या माणसांनी कामाच्या सोयीने ठरवलेलं असतं.

तेव्हा यंदा थंडीत बंदरावर जाणार असाल तर कॅमेऱ्याच्या आधी कालनिर्णय बघा. पाणी हवं असेल तर अष्टमी-नवमी धरा, आणि चंद्राचा नाद त्या दिवसापुरता सोडा. चंद्र हवा असेल तर पौर्णिमेला जा, पण मग चिखलात कलंडलेल्या होड्यांचा फोटो काढा. त्याही देखण्या असतात आणि अजिबात हलत नाहीत. लिलाव चालू असताना बैलगाडीच्या वाटेत उभे राहू नका, कुणाच्या तोंडावर फ्लॅश मारू नका. घरी आल्यावर हवं तेवढं पुसा, पण नांगराचा दोर ठेवा. रात्रभर होडीला धरून ठेवायचं काम त्याच्याकडे आहे.