वास तेवढा काढा

मुंबईला पूर्वेकडेही समुद्र आहे, ही बातमी अधूनमधून फुटते. २०१४ साली बंदराच्या जमिनीच्या विकासासाठी नेमलेल्या राणी जाधव समितीच्या निमित्ताने फुटली: पोर्ट ट्रस्टची सुमारे १८०० एकर जमीन, बरीचशी भिंतीआड. तेव्हापासून या विकासाची नुसती चित्रं येतात. चित्रात मरीना असतो, सायकलवर हसरं जोडपं असतं, फुगे असतात. कोळीण नसते.

याच किनाऱ्यावरचा ससून डॉक १८७५ चा. पहाटे तिथे बोंबील उतरतात, कोळंबी उतरते, बर्फ फुटतो, शिव्याही. २०१७ मध्ये याच डॉकवर कलाप्रदर्शन भरलं. आमच्या सोसायटीतली मंडळी नाकाला रुमाल लावून गेली आणि ‘किती ऑथेंटिक!’ म्हणत परतली. याच मंडळींनी गॅलरीत सुकट वाळवणाऱ्या भाडेकरूला नोटीस दिली होती, असो.

भाऊच्या धक्क्याचं नाव तेवढं ठेवतील बहुधा. बोट पकडायची तर आधी तीनशेची कॉफी प्यावी लागेल, इतकंच.

शिवडीच्या फ्लेमिंगोंचं मात्र बरं आहे, ते चित्रात शोभतात. त्यांचा चिखल शोभत नाही. त्यावर फरशी बसेल. पक्ष्यांना आतापासूनच मेन्यूकार्ड वाचायला शिकवा.