साठ यंत्रांचा स्मृतिकार

कार्यप्रणाली बसवताना संगणक माणसाला भाषा, कळफलक, वेळक्षेत्र, डिस्कची विभागणी, पासवर्ड अशा ज्या अनेक गोष्टी विचारतो, त्या सर्वांची उत्तरे ज्या एका मजकूर-फाइलीत आधीच लिहून ठेवलेली असतात तिला प्रोफाइल म्हणतात. आणि अशी फाइल लिहिणारा मनुष्य थोड्याच अवधीत स्वतःला मनू-याज्ञवल्क्यांच्या पंक्तीत बसवू लागतो, ही गोष्ट या विषयावरील हस्तपुस्तिकांत सहसा नोंदवलेली आढळत नाही. प्रस्तुत लेखक या नियमाला अपवाद नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या साठ संगणकांच्या प्रयोगशाळेसाठी त्याने रचलेल्या प्रोफाइलच्या शिरोभागी, यंत्र ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही अशा टिप्पणीच्या ओळींत, रचनाकाराचे नाव, शक, मिती आणि आवृत्तिक्रमांक इतके सविस्तर आले आहेत की मंगलाचरण तेवढे घालावयाचे राहिले आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले तेव्हा शासकीय कार्यालयांना पाट्या, शिक्के आणि पत्रशीर्षे बदलावी लागत असताना साठही यंत्रांची नावे आपण केवळ एका ओळीच्या दुरुस्तीने बदलली, हे सदर लेखकाने, ज्यांनी विचारले नव्हते अशांनाही, आवर्जून सांगितले. बोलताना सर्वजण पूर्वीप्रमाणेच ‘नगर’ म्हणत राहिले, हा भाग वेगळा.

या शास्त्रात संप्रदाय अनेक आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिससाठी जंपस्टार्ट, रेड हॅटसाठी किकस्टार्ट, डेबियनसाठी प्रीसीड, सुसेसाठी ऑटोयास्ट, विंडोजसाठी उत्तरांची एक्सएमएल फाइल असे त्यांचे भेद असून, प्रत्येक संप्रदायाचा अनुयायी इतरांकडे करुणेने पाहतो. नेटवर्कवरून स्थापना करताना बहुतेकांच्या मुळाशी मात्र एकच विधी असतो, तो असा की डिस्क कोरी असलेल्या संगणकाच्या नेटवर्क कार्डातील एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि ‘मला पत्ता द्या व कोणती फाइल घेऊन सुरू होऊ ते सांगा’ अशी आरोळी संपूर्ण नेटवर्कभर देतो. या आरोळीची रीत इंटेलने १९९९ मध्ये पीएक्सई या विनिर्देशात पक्की केली. पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात, आणि आरोळीला जो उत्तर देईल त्याची ओळख पटवून घेण्याची कोणतीही सोय तिच्या नित्याच्या व्यवहारात नाही.

येथे शनिशिंगणापूरचा विचार करणे अपरिहार्य ठरते. निदान प्रस्तुत लेखकाला तरी तो टाळता आलेला नाही. नेवासे तालुक्यातील या गावी घरांना चौकटी असतात पण कवाडे नसतात, कारण चोरी करणाराला शनिदेव पाहून घेतील अशी श्रद्धा आहे; कुत्री आत येऊ नयेत म्हणून कोणी एखादी फळी आडवी लावलीच, तर ती सुरक्षेच्या सदरात धरली जात नाही. पीएक्सईने चालणारी प्रयोगशाळा तंतोतंत याच तत्त्वावर उभी असून फरक इतकाच की तेथे शनिदेव नाहीत. वसतिगृहातील एखादा विद्यार्थी आपला घरगुती राउटर भिंतीतील खोबणीत जोडतो, तो राउटरही मोठ्या हौसेने पत्ते वाटू लागतो, आणि स्थापनेच्या ऐन मध्यावर काही यंत्रे त्याच्याकडून पत्ता घेऊन, जेथून स्थापनेच्या फायली देणारा मूळ सर्व्हर दिसतच नाही अशा प्रदेशात निघून जातात. साडेसाती कोणाला लागली हे मग ज्याने त्याने ठरवावे. युको बँकेने २०११ मध्ये शिंगणापुरात बिनकुलपाची म्हणून गाजलेली शाखा उघडली, तेव्हा काचेचे दार आणि गावकऱ्यांच्या डोळ्यांवर न येणारे विद्युतचुंबकीय कुलूप असा मार्ग तिने काढल्याचे प्रसिद्ध झाले होते. नेटवर्कच्या स्विचमध्ये हेच काम डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय करते, म्हणजे ठरवून दिलेल्या खोबणीखेरीज अन्य कोठूनही पत्तेवाटपाचे उत्तर आले तर ती ते गुपचूप गिळून टाकते. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही झाले. परंतु त्या दृष्टांताचा विस्तार करू लागल्यास मूळ विषय हाती राहणार नाही.

मूळ विषयात खरी कसोटी एका आदेशाची आहे. किकस्टार्टमध्ये ‘क्लिअरपार्ट’ या आदेशापुढे ‘ऑल’ लिहिले म्हणजे डिस्कवरील सर्व विभाग कोणतीही पृच्छा न करता पुसले जातात, आणि हे न विचारणे हाच या पद्धतीचा गुण म्हणून गौरवला जातो. पुसले काय जाते हे कळण्यासाठी मात्र या यंत्रांसमोर कोण बसते ते पाहावे लागते. लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे १९८३ मध्ये, साखर कारखान्यांच्या सावलीत, अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि उसाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या इमारतींत खेड्यापाड्यांतील मुले संगणकासमोर बसली. आजही पाथर्डी-शेवगावकडची, आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेलेली, किंवा अकोले तालुक्याच्या डोंगरातली अशी मुले या प्रयोगशाळांत असतात, ज्यांच्या घरी संगणक नाही. ‘सेमिनार फायनल’, ‘सेमिनार फायनल नवा’, ‘सेमिनार हाच घ्यावा’ अशा नावांच्या फायली त्यांनी सोळाव्या किंवा एकतिसाव्या यंत्राच्या पडद्यावर ठेवलेल्या असतात, कारण ठेवण्यासाठी दुसरी जागा त्यांना नसते. ‘महत्त्वाच्या माहितीची प्रत आपापल्या जबाबदारीवर ठेवावी’ अशी सूचना फलकावर लावणाऱ्या, स्वतःच्या घरी दोन लॅपटॉप असलेल्या प्रौढांचा राग यावा अशी ही जागा आहे, आणि त्या प्रौढांत प्रस्तुत लेखकाची गणना करण्यास हरकत नसावी.

‘ऑल’ने या फायलीही पुसल्या जातात, यावर उपाय आहे. डिस्कवर वापरकर्त्यांच्या फायलींचा ‘होम’ हा विभाग स्वतंत्र ठेवून, ‘ऑल’ऐवजी पुसावयाच्या विभागांची नावे एकेक करून द्यावीत आणि ‘होम’च्या ओळीत ‘नोफॉरमॅट’ असे लिहावे, म्हणजे प्रणाली नवी होते व मुलांचे काम जागच्या जागी राहते. यामुळे प्रोफाइलचे सौष्ठव बिघडते. एका ओळीचे काम चार ओळींवर जाते, जुन्या व नव्या वापरकर्त्यांचे क्रमांक जुळवून घ्यावे लागतात आणि ज्या यंत्राची विभागणी पूर्वी कोणीतरी निराळी केली आहे ते यंत्र स्थापनेच्या मध्येच थांबून, जे विचारू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच विचारते. शिवाय मुलांच्या कामाबरोबर केव्हाच उत्तीर्ण होऊन पुण्याला नोकरीस गेलेल्यांचे चित्रपटही सुखरूप राहतात, आणि त्यांतील काय ठेवावे व काय पुसावे हे ठरवणारा आदेश कोणत्याही संप्रदायात नसल्यामुळे, सत्र संपल्यावर प्रयोगशाळा सहायक रजिस्टर घेऊन पहिल्या यंत्रापासून बसतात आणि प्रत्येक फाइल उघडून पाहतात.