दुसरं सॉकेट रिकामंच राहतं

दोन प्रोसेसरांचा जुना सर्व्हर बोर्ड घ्यायचा, आज एक प्रोसेसर बसवायचा, पैसे साचले की दुसरा, आणि दहा वर्षं नवा पीसी घ्यायचाच नाही. भंडारा, तुमसर, साकोलीतल्या कॉम्प्युटरवेड्या पोरांच्या तोंडी हल्ली हा बेत असतो. त्यामागची इच्छा मला मनापासून पटते. चांगलं चालतं यंत्र मोडीत काढायला लावणाऱ्या कंपन्यांचा राग यायलाच हवा. पण बेत चुकीचा आहे, आणि बापाच्या धानाच्या पैशांतून पीसी घेणाऱ्या पोरानं त्या चुकीची किंमत मोजू नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आमिष जोरदार आहे. डेटा सेंटरांनी काढून टाकलेले इंटेलचे झीऑन सेकंडहँड बाजारात मातीमोल मिळतात. २०१६ चा ई५-२६८० व्ही४ घ्या. एकात १४ कोर, दोन बसवले की २८. विकणारा म्हणतो, "भाऊ, आत्ता एकच टाका, दुसरा मंग टाकून घेजा."

आता तो बोर्ड टेबलावर ठेवून नीट बघा. एका सॉकेटवर प्रोसेसर, दुसऱ्यावर काळं प्लास्टिकचं झाकण. त्या झाकणाच्या दोन्ही बाजूंना रॅमचे स्लॉट आहेत. त्यात रॅम खोचा, मशीन सुरू करा. ती दिसणारच नाही. कारण त्या स्लॉटच्या तारा दुसऱ्या प्रोसेसरकडे जातात आणि तो जागेवर नाही. कार्ड बसवायचे काही स्लॉटही असेच मुके. म्हणजे पैसे पूर्ण बोर्डाचे दिले, वापरायला मिळाला अर्धा. पुढे दुसरा प्रोसेसर घ्यायचा तर तो पहिल्याच मॉडेलचा हवा. त्याला वेगळा हीटसिंक, एसएमपीएसमधून आणखी एक आठ पिनांची वायर. बोर्ड १२ बाय १३ इंचांचा, तो साध्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. रॅम सर्व्हरची रजिस्टर्ड जातीची, ती उद्या कुठल्याही साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालणार नाही. आज घेतलेली एकही वस्तू पुढच्या मशीनमध्ये नेता येत नसेल, तर याला अपग्रेड म्हणायचं कशासाठी?

खरं अपग्रेड कुठे झालं ते तारखा सांगतात. या झीऑनचं सॉकेट २०१४ मध्ये आलं, २०१६ मध्ये त्यावरची शेवटची पिढी आली, संपलं. उलट एएमडीच्या एएम४ या साध्या, एकट्या सॉकेटचा २०१७ चा बोर्ड घेणाऱ्यानं २०२२ मध्ये बायॉस अपडेट करून त्यावर रायझन ५८००एक्स३डी बसवला. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. दुसरं सॉकेट असण्यापेक्षा पहिलं सॉकेट कंपनीनं जिवंत ठेवणं मोलाचं. इंटेलनं याच काळात काय केलं तेही लक्षात ठेवा: २०१७ च्या आठव्या पिढीला पिना तेवढ्याच, तरी जुन्या बोर्डावर ती अधिकृतपणे चालू दिली नाही.

आणि २८ कोरांचं करणार काय? विजय भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या लहान प्रोसेसरांची फौज जोडूनच. पण तिथे गणितंच अशी होती की त्यांचे तुकडे करून वाटता येतील, आणि वाटणीचे प्रोग्राम लिहायला माणसं बसली होती. राइस मिलच्या ऑफिसातलं टॅली असं वाटून घेत नाही. गेमही फारसे नाहीत. त्यांना एकेक कोर पळणारा लागतो. तो झीऑन जोर लावून ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. २०२२ चा रायझन ७९५०एक्स ५.७ पर्यंत, आणि तो एकटा त्या दोन झीऑनना बहुतेक कामांत मागे टाकतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला जास्त कोरांचा उपयोग होतो हे खरं, पण त्यालाही हे कोर एकाच चिपमध्ये मिळतात. दोन चिपांत एक गोम असते: प्रत्येकीची रॅम वेगळी, आणि शेजारणीच्या रॅममधलं काही हवं असलं की मधल्या दुव्यावरून वळसा घ्यावा लागतो. विंडोज होम तर दुसरा प्रोसेसर वापरतच नाही, त्याला प्रो लागते. विंडोज ११ च्या यादीत हे झीऑन नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स उत्तम चालतं. ते वापरायची तयारी किती जणांची आहे?

बाकी आपलं गाव. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा खोलीत १२० वॅटचे दोन प्रोसेसर म्हणजे कूलरच्या समोर शेगडी. सगळं मशीन कामात ३५० वॅट धरा, रोज आठ तास: महिन्याला ८४ युनिट. महावितरणच्या बिलातली पहिली, स्वस्त पायरी १०० युनिटांची आहे. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच. लाइट गेली की तोही मान टाकणार. त्यात गिरणीजवळ घर असेल तर धानाचा कोंडा फिनांमध्ये गच्च बसतो, आणि इथे साफ करायचे हीटसिंक दोन.

भंडाऱ्याचं पितळी भांडं पिढ्यान्‌पिढ्या चाललं, कारण कल्हई करणारा दारावर यायचा. या बोर्डाचा कल्हईवाला भंडाऱ्यात नाही, आणि साठ किलोमीटरवरच्या नागपुरातही नेमका तोच बोर्ड मिळेल याचा भरवसा नाही. बोर्ड गेला की दोन्ही प्रोसेसर आणि सगळी रॅम एका झटक्यात निरुपयोगी.

ज्याला खरोखर पाव टीबी रॅम आणि डझनभर व्हर्च्युअल मशीन लागतात, त्यानं सर्व्हर जरूर घ्यावा, पण एका सॉकेटचा. एएमडीचा एपिक एकाच सॉकेटवर रॅमचे आठ चॅनेल देतो. २०१७ ते २०२१ या काळात त्याच्या तीन पिढ्या एकाच सॉकेटवर आल्या. सुरुवातीच्या काही बोर्डांवर मात्र तिसरी चालत नाही. सेकंडहँड एपिक घेताना तो आधी कुठल्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये होता ते विचारा. काही कंपन्या प्रोसेसर आपल्या बोर्डाशी कायमचा बांधून टाकतात, मग तो दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर सुरूच होत नाही.

बाकीच्यांनी एएम५ चा मध्यम बोर्ड आणि चांगला एसएमपीएस घ्यावा. हे सॉकेट २०२७ आणि पुढेही चालवू असं एएमडीनं जाहीर केलं आहे. रॅममधल्या चुका सुधारणाऱ्या ईसीसीचा मोह असेल तर रायझनच्या काही साध्या बोर्डांवर तीही चालते.

दुकानात गेलात की कोर मोजत बसू नका. या बोर्डावर आजवर किती पिढ्या चालल्या, पुढची चालेल असं कंपनी म्हणते का, आणि बोर्ड जळाला तर दुसरा कुठे मिळेल, एवढं विचारा. धड उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेवून घरी परत या.