चाळीस वॅटांची हौस

ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की सातारा-सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या उतरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, आणि मागचा दिवा असलाच तर तो उसाच्या आड. पुण्यात नोकरी आणि कराडजवळ गाव असलेल्या बुलेटवाल्याला अशी एखादी ट्रॉली शुक्रवारी रात्री हातभर अंतरावर भेटते. तो ब्रेक दाबतो, कुलदैवताचं नाव घेतो आणि सोमवारी ऑफिसात कामाच्या वेळेत मोटरसायकलचे जादा दिवे बघत बसतो.

त्याची भीती खोटी नसते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे मेंदूला कळून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर गेले. मग कोरड्या डांबरावर थांबायला आणखी पस्तीसेक. डिपरच्या उजेडात काळपट वस्तू दिसते ती फार तर पन्नासेक मीटरवर. उरलेले मीटर ट्रॉलीच्या आत मोजायचे. वेग ६० वर आणला की हेच गणित पन्नासच्या आत बसतं, हे त्यालाही कळतं. पण हा उपाय कुठल्या दुकानात विकत मिळत नाही, त्यामुळे त्याला मजा नाही.

म्हणून पुण्यातली नाना पेठ. गाडीचा जो भाग तुम्हाला हवाय तो आणि जो नकोय तोही तिथे मिळतो. दुकानदार खोका पुढे सरकवतो. त्यावर छापलेलं असतं : ४० वॅट, २०,००० लुमेन. हा आकडा जरा थांबून वाचावा. साधा एच-फोर हॅलोजन बल्ब मानकाप्रमाणे डिपरला सुमारे १,००० आणि अप्परला सुमारे १,६५० लुमेन देतो. चांगली एलईडी वॅटमागे शंभर-सव्वाशे देते, म्हणजे चाळीस वॅटांत चार-पाच हजार. खोका मागतोय वॅटमागे पाचशे. भौतिकशास्त्राची कमाल मर्यादा आहे वॅटमागे ६८३, आणि तीसुद्धा एकाच छटेच्या शुद्ध हिरव्या उजेडाला. पांढऱ्याला पाचशे झेपणारच नाहीत. म्हणजे खोका खरं बोलत असेल तर दिवा पोपटी पडायला हवा. दुकानदाराला हे समजावलं तर तो शांतपणे विचारतो, "पोपटीपण आहे, देऊ?"

मग पिवळा की पांढरा. यावर बुलेटवाल्यांच्या ग्रुपमध्ये जितकी भांडणं झाली, तितकी वाटणीवरून भावाभावांत झाली नसतील. पिवळ्या पक्षाचं म्हणणं, पिवळा उजेड धुकं फोडतो. आंबोलीच्या धुक्याला हे कोणी सांगितलेलं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात, की रंगानं फारसं बिघडत नाही. दिवा किती खाली बसवलाय आणि त्याचं तोंड कुठे आहे, यानं बिघडतं. फ्रान्सने १९३६च्या कायद्यापासून १९९३पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे केले होते, नंतर सोडून दिले. ग्रुपने अजून सोडलेले नाहीत.

फिटिंग रस्त्याच्या कडेला होतं. इलेक्ट्रिशियन पहिलं वाक्य बोलतो, "डायरेक्ट देऊन टाकू." इथे ज्यानं मान हलवली तो पुढे कधीतरी जळक्या वायरचा वास घेतो. दोन दिवे मिळून ८० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ सात अँपिअर. हँडलवरच्या चिमुकल्या बटणाचं ते काम नव्हे. बटणानं फक्त रिलेला इशारा द्यायचा आणि रिलेनं बॅटरीचा जाड प्रवाह फ्यूजमार्गे दिव्यांना सोडायचा, एवढीच युक्ती. हा रिले दोनशे रुपयांच्या आत येतो आणि नेमकी त्याच्यावरच घासाघीस होते. दिव्यांचे हजारो रुपये मोजताना हात थरथरत नाही.

दिव्याचं तोंड ठरवताना गाडी स्टँडवर असते आणि तिच्यावर कोणी बसलेलं नसतं. शुक्रवारी मागच्या सीटवर मेहुणा आणि दोन पिशव्या येतात, गाडीची मागची बाजू दबते, पुढची उचलते आणि उजेड झाडावरची वटवाघळं मोजू लागतो.

१ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालूच राहतो. तेव्हापासून येणारा-जाणारा पाचही बोटं उघडमीट करून "लाइट चालू आहे" असं कळवळून सांगतो. जादा दिवेवाल्याला मात्र असा हात कोणी करत नाही. त्याला समोरून थेट अप्पर येतो.

येणारच. कराडपर्यंत हायवेला दुभाजक आहे, पुढे गावच्या रस्त्याला नाही. तिथे समोरून दुधाचा टेम्पो येतो, त्यानेही मागच्या हिवाळ्यात जादा दिवे लावलेले असतात, कारण त्याला बुलेटवाल्यांच्या दिव्यांमुळे काही दिसत नव्हतं. डोळे दिपल्यावर सावरायला तीन सेकंद लागले, तर ६० च्या वेगात पन्नास मीटर आंधळे गेले. दोन आंधळे आणि त्यांच्या मधोमध, यथावकाश, ट्रॉली.

कायद्याला या हौसेची पुरेपूर कल्पना होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १११वा नियम नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावू देत नाही. पोलिसाने अडवलं की आपला नायक सांगतो, "साहेब, फॉग लॅम्प आहेत." मे महिन्यात, शिरवळजवळ.

दिवे लावूच नयेत असं नाही. पावसाळी घाटात खाली बसवलेली, खाली बघणारी जोडी कामाची असते. पण आधी ओरखड्यांनी पांढुरका झालेला हेल्मेटचा काचपडदा बदलावा आणि हेडलाइटचा स्क्रू फिरवून उजेड झाडावरून रस्त्यावर आणावा. ट्रॉलीचं म्हणाल, तर हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि आरटीओ मागे रिफ्लेक्टर चिकटवतात, तो जागेवर असेल तर कंपनीच्या साध्या दिव्यातही लांबून चमकतो.

तरी लावलेतच, तर त्यांना वेगळं बटण ठेवा आणि समोरून कोणी आलं की बंद करा. १०६वा नियम एक सोपी परीक्षा देतो : दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. मेहुण्याला पिशव्यांसकट गाडीवर बसवा, दिवे लावा आणि त्या जागी स्वतः जाऊन उभे राहा.