तळघरातली मगर

स्टुटगार्टमधल्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात दरवर्षी एक तरी निवृत्त इंजिनिअर असतोच. माणसं बदलतात, नमुना तोच. पाच मिनिटं आधी येऊन बसलेला, चौकटींची वही, तीन रंगांची पेनं, चष्म्याला दोरी. त्याला वाक्प्रचार शिकायचा नसतो, तपासून ताब्यात घ्यायचा असतो. यंदाचे गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. बाई वहीसुद्धा आणत नाहीत.

त्या दिवशी गुपितांचे वाक्प्रचार होते. ‘कॅट आउट ऑफ द बॅग’ला गृहस्थांनी हिरवी खूण केली, कारण जर्मन मांजरही पोत्यातूनच निसटतं. कचरा गालिच्याखाली लोटणंही दोन्हीकडे सारखंच. तिथे मात्र ते पुटपुटले, “आमच्या जिन्यात शेजारीण गालिचा उचलून बघते.” जिना झाडायची पाळी कोणाची, यावरून इथे वर्षानुवर्षं अबोले चालतात, त्यामुळे कोणी हसलं नाही.

‘स्पिल द बीन्स’ला लाल पेन निघालं. “बिया कच्च्या की भाजलेल्या?” जर्मनमध्ये आतल्या गोष्टी शिवणाच्या डब्यातून बाहेर येतात, त्यात सुया असतात, दोरे असतात, बियांचं तिथे काय काम?

मग आला सांगाडा. ब्रिटिशांचा कबर्डमध्ये, अमेरिकनांचा क्लॉझेटमध्ये. जर्मनांच्या मात्र तळघरात आख्खं प्रेत! गृहस्थांचा चेहरा उजळला. “प्रेताचा सांगाडा व्हायला वर्षं जातात. म्हणजे त्यांची पापं जुनी, आमची ताजी.” समासात त्यांनी कपाटाची आकृती काढली. सांगाडा उभा ठेवायचा तर आतून किमान पावणेदोन मीटर उंची हवी.

न राहवून मी आजीची म्हण सांगितली: कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. “कशाने झाकलं?” टोपलीने, म्हटलं. “मग आवाज येणारच. आतून बुचाचं अस्तर लावायला हवं होतं.” इतकी वर्षं ती म्हण ऐकतेय, कोंबड्याच्या सोयीचा विचार आमच्या घराण्यात कोणी केला नव्हता.

शेवटी प्रत्येकाने स्वतःचं एक वाक्य करायचं होतं. गृहस्थ उभे राहिले. “आय हिड अ क्रोकोडाइल इन माय सेलर.”

वर्ग चिडीचूप. हा इकडचा वाक्प्रचार आहे का, मी विचारलं. छे, खरीच गोष्ट! स्विस रेल्वेचं लांब नाकाचं जुनं विजेचं इंजिन, त्याला सगळे ‘क्रोकोडिल’ म्हणतात. त्याचं खेळण्यातलं रूप, मेर्कलिनचं, म्हणजे इथल्याच ग्योपिंगनचं, प्रमाण १:८७. प्लमच्या बरण्यांमागे, डावीकडून दुसऱ्या फळीवर. माहिती अर्धवट राहू नये म्हणून त्यांनी किंमतही सांगितली, सेंटसकट.

मग त्यांचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे गेलं. कान लाल झाले.

बाईंनी मान वर केली नाही. “‘हिड’ नाही, ‘हॅड हिडन’,” त्या म्हणाल्या. “मला ती ईस्टरलाच सापडली. तुम्ही त्याआधी लपवली होती.”

गृहस्थांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि काळ दुरुस्त केला.