फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना हे सांगायची गरज नाही, त्यांनी हे सगळं सोसलंय. बाकीच्यांनी चहा घ्यावा आणि शांतपणे ऐकून घ्यावं, कारण प्रकरण गंभीर आहे.

आमच्या आईचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात असतं. एका अंगाला हिरव्या मिरच्या, दुसऱ्या अंगाला कापलेलं लिंबू. न फोडलेल्या बाटलीला २ ते ८ अंश तापमान लागतं. दार दिवसभर उघडझाप होतं आणि बाहेरची ऊब सगळ्यात आधी दारातल्या वस्तूंना लागते. मधला कप्पा मागावा तर तिथं कालच्या पांढऱ्या रश्श्याचं पातेलं. रस्सा पुन्हा करता येतो, हा मुद्दा मी घरात वारंवार मांडला. त्यावर आजतागायत कार्यवाही झालेली नाही.

पाहुण्या आलेल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, बर्फाच्या कप्प्यात ठेवा की. जास्त टिकंल." हा सल्ला इचलकरंजीत मला अनेकांनी दिलाय, आणि प्रेमानं दिलाय. पण गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. वितळल्यावर ते वरून ठीक दिसलं तरी प्रथिनाची घडी बिघडलेली असू शकते, आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येईलच असं नाही.

या प्रथिनाची योग्यता तरी लक्षात घ्या. एकूण ५१ अमिनो आम्लं, एका साखळीत २१ आणि दुसरीत ३०. त्यांचा क्रम लावला म्हणून फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चं नोबेल मिळालं. डुकराच्या इन्सुलिनमध्ये यातलं एक आम्ल वेगळं, गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन. तरी जगभरच्या रुग्णांनी कित्येक दशकं तेच टोचून घेतलं. मग १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घातलं आणि जिवाणूकडून ते बनवून घेतलं. १९८२ मध्ये त्याला अमेरिकेत औषध म्हणून मंजुरी मिळाली. २००३ मध्ये मुंबईच्या वोक्हार्टनं भारतात बनवलेलं 'वोसुलिन' बाजारात आणलं. एवढी मजल मारून आलेली वस्तू आमच्या घरात मिरच्यांना चिकटून बसते.

असं जनुक घालून बनवलेलं, म्हणजे पुनःसंयोजित, मानवी इन्सुलिन संशोधनाच्या प्रयोगशाळेतही लागतं. काचेत वाढवायच्या पेशींच्या खाद्यात ते मिसळतात. तिथं बाटलीवर तारीख घालतात, आणि त्या फ्रिजमध्ये खाण्याच्या जिनसा ठेवायला सक्त मनाई असते. पेशींसाठी एवढा बंदोबस्त, आणि माझ्या आईच्या वाट्याला लिंबाचा शेजार!

पण खरा अन्याय सिरिंजचा आहे. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० चं. सिरिंजाही दोन जातीच्या: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी. लाल आणि केशरी! एवढे रंग असताना नेमके हेच दोन. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलटं केलं तर ५०, आणि मग साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडू शकतो.

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर हे सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, "काका, दोन्ही इन्सुलिनच्याच सिरिंजा आहेत."

ज्या गावात सुताचा काउंट, म्हणजे बारीकपणाचा आकडा, चुकला तर व्यापारी अख्खा तागा परत करतो, त्या गावात हे उत्तर मिळावं? ६० च्या जागी ४० चं सूत इथला एकही यंत्रमागवाला घेणार नाही. तोच मागवाला, बारा तासांची पाळी करून दमून आलेला, आपल्या बायकोसाठी हाताला लागेल ती सिरिंज घेऊन जातो. कारण बाटलीवर ४० हा आकडा इतका बारीक छापलेला असतो की चष्मा असूनही सापडत नाही.

माझी मागणी साधी आहे. बाटली आणि सिरिंज एकाच वेळी द्यावी, आणि दोन्हींवरचे आकडे गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचून द्यावेत. हल्ली मी ते वाचून घेतल्याशिवाय काउंटरवरून हलत नाही. मागं रांग लागली तर लागू दे.