बांध मन्हा शे!

अमळनेरात दोन विषयांवर प्रत्येकाचं मत पक्कं असतं. एक कापसाचा भाव, दुसरा इस्रायल.

कापसाबद्दल आपलं मत कुणी विचारत नाही. म्हणून सगळा जोर इस्रायलवर. टपरीवर अर्ध्या कटिंगमध्ये वेस्ट बँकेचा निकाल लागतो. नकाशा कुणी पाहिलेला नसतो, म्हणून निकाल लवकर लागतो.

परवा त्या चर्चेत आमचे एक आप्पा सापडले. आप्पांना जॉर्डन नदी पूर्वेला की पश्चिमेला, हे ठाऊक नाही. पण शेजाऱ्याने त्यांचा बांध कोरायला घेतला, त्याला यंदा नववं वर्ष. दर नांगरणीला एक तास आत. (शहरातल्यांसाठी: हा तास घड्याळातला नाही, नांगराचा.)

टपरीवरचा सगळा परराष्ट्र विभाग बोलून थकला, तेव्हा आप्पांनी एकच विचारलं.

“नांगर थांबला का?”

बांध कोरणारा कधी म्हणतो का, की मी तुमची जमीन घेतली? छे. तो म्हणतो, “बांध मन्हा शे!” म्हणजे, बांध माझा आहे. झालं. त्या क्षणापासून जमीन ‘वादग्रस्त’. काल नव्हती. नांगर फिरला म्हणून झाली.

‘वादग्रस्त’ हा मोठा सज्जन शब्द. दोघांनाही एका पाटावर बसवतो. ताट मात्र एकाच्याच पुढ्यात.

जून १९६७. सहा दिवसांचं युद्ध झालं, जॉर्डनच्या ताब्यातला वेस्ट बँक इस्रायलकडे आला. सप्टेंबरात इस्रायलच्याच परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी लेखी कळवलं: तिथे आपले नागरिक वसवणं १९४९च्या चौथ्या जीनिव्हा कराराविरुद्ध आहे. जिंकलेल्या मुलखात आपली माणसं नेऊन बसवायची नाहीत, असं त्या कराराचं ४९वं कलम म्हणतं.

त्याच महिन्यात तिथली पहिली वसाहत उभी राहिली. कफार एत्झिऑन. बाहेर सांगताना म्हटलं, लष्करी ठाणं आहे.

कायदेशीर सल्ला फायलीला लावायचा असतो, हे फक्त आपल्याच तहसीलला ठाऊक आहे असं वाटलं होतं.

आता थोडं उलटं बघा. कफार एत्झिऑन हे नवं गाव नव्हतं. तिथे आधी ज्यूंची वस्ती होती, ती १९४८च्या लढाईत पडली, माणसं मारली गेली. १९६७ला परत आली ती त्यांचीच पोरं. बापाचं वावर पोरांनी मागितलं. चुकलं काय?

काहीच नाही. फक्त त्याच १९४८ साली हैफा आणि जाफातून निघालेल्या पॅलेस्टिनींची पोरंही घराच्या किल्ल्या घेऊन रांगेत आहेत. त्यांच्या घरांसाठी इस्रायलने १९५० साली ‘गैरहजर मालकां’चा कायदा केला आणि घरं सरकारी ताब्यात घेतली. एकाची वारसनोंद लागते. दुसऱ्याला सांगतात, साहेब रजेवर आहेत.

आणखी एक युक्तिवाद असतो. वेस्ट बँकेवर जॉर्डनची तरी मालकी कुठे होती? १९५०चं ते विलीनीकरण जगात फारसं कुणी मानलं नव्हतं. मग जमीन कुणाची?

याचं उत्तर आप्पाही देतील. सातबाऱ्यावरचं सरकारचं नाव बदललं, म्हणून कसणाऱ्याचं नाव खोडायचं नसतं. इंग्रज गेले तेव्हा आपली वावरं बेवारस झाली होती का?

पण खरी कलाकुसर पुढे आहे. १९७९ साली एलोन मोरे वसाहतीच्या खटल्यात इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लष्करी गरजेच्या नावाखाली खाजगी जमीन घेऊन वसाहत करता येणार नाही. मग? मग १८५८चा तुर्कांचा जमीन कायदा झटकून काढला. त्यात एक सोय होती. जमीन तीन वर्षं पड राहिली की सरकारजमा.

आता जमीन पड का राहते? वसाहतीला लागून ऑलिव्हची बाग असेल, तर पॅलेस्टिनी शेतकऱ्याला तिथे जायला लष्कराची परवानगी लागते. आधी वावराचा रस्ता अडवायचा, मग पंचनामा करायचा की मालक वावर कसत नाही.

खानदेशात ही युक्ती समजावून सांगावी लागते का? आपल्याकडे निदान मामलेदार न्यायालयाचा १९०६चा कायदा तरी आहे. रस्ता अडला तर सहा महिन्यांत तहसीलदाराकडे दावा लावा. सहा महिन्यांत दावा लावा, असं म्हटलंय. निकालाचं काही म्हटलेलं नाही.

१९९३ला ओस्लो करार झाला. सगळ्यांनी हात मिळवले. वसाहतींचा विषय? तो शेवटच्या तारखेला घेऊ. तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत वसाहतवाले होते सुमारे १ लाख १० हजार. आज ५ लाखांच्या आसपास. शेवटची तारीख अजून पडायची आहे.

तारखा चालू. नांगर चालू.

डिसेंबर २०१६मध्ये सुरक्षा परिषदेने १४ विरुद्ध शून्य मतांनी सांगितलं, वसाहती बेकायदा; अमेरिका तटस्थ राहिली. जुलै २०२४मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही मत दिलं: हा ताबाच बेकायदा, वसाहतवाल्यांना हलवा. ते मत बंधनकारक नाही. म्हणजे शेजाऱ्याने ते नीट वाचलं आणि बैल जुंपले.

आणि आपण? नोव्हेंबर २०२३मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत वसाहतींच्या विरोधात मत दिलं. सप्टेंबर २०२४मध्ये ताबा सोडायला वर्षाची मुदत देणारा ठराव आला, तेव्हा आपण तटस्थ. प्रत्येक गावात असा एक शहाणा असतो. बांधाच्या भांडणात पंच म्हणून बोलावलं की त्याची म्हैस व्यायलेली असते.

नियमितीकरण हा शब्द आपण शोधला, असा आपला एक गोड समज आहे. तोही सोडा. वेस्ट बँकेतल्या टेकड्यांवर अशी ठाणी आहेत जी इस्रायलच्या कायद्यानेही बेकायदा. आधी चार कंटेनर, मग वीज, मग रस्ता, मग बालवाडी. २०१७ साली ती नियमित करायला कायदा केला. २०२०ला त्यांच्याच न्यायालयाने तो रद्द केला. त्यानंतर एकेक ठाणं सुटं सुटं नियमित होत राहिलं.

ओळखीचं वाटतं? आपल्याकडे झोपडीची तारीख आधी १ जानेवारी १९९५, मग २०००, मग पैसे भरून २०११. गुंठेवारी २००१पर्यंतची, पुढे ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची. अतिक्रमण जागचं हलत नाही. कायदाच त्याच्याकडे चालत जातो.

पण थांबा. ‘सगळीकडे सारखंच’ म्हणून चहा संपवायची घाई नको. झोपडीवाला पोटासाठी स्वतः येऊन बसतो. वसाहतवाल्याला सरकार बसवतं, स्वस्त घर देतं, रस्ता देतं, पहारा देतं. त्याला इस्रायलचा दिवाणी कायदा आणि मत. बांधापलीकडच्या पॅलेस्टिनीला लष्करी न्यायालय. त्याच्यावर सत्ता चालवणाऱ्या सरकारला निवडायचं मत त्याला नाही. एका शिवारात दोन कायदे. झोपडीवाल्याच्या पाठीशी रणगाडा नसतो. बुलडोझर असतो, तोही समोर.

घरात डोकावू. बेळगावचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावला. दावा पडून. कर्नाटकाने २००६पासून तिथे अधिवेशन भरवायला घेतलं, २०१२ला सुवर्ण विधानसौध बांधून राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन केलं, २०१४ला गावाचं नाव ‘बेळगावी’ केलं. वादग्रस्त बांधावर कुणी चार दगड रचतं, कुणी विधानसभाच.

आपण गप्प बसलो का? छे. २०२३ला आपण सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य विमा योजना लागू केली. जागा तुमच्या ताब्यात, ताप मात्र आमचा.

पण बेळगावात दोन्हीकडे मतपेट्या आहेत. पोटात गोळा येतो तो प्रसंग आपल्याच खानदेशात आहे. टपरीवर त्याचं नाव निघत नाही, कारण तो टीव्हीवर दिसत नाही.

तळोदा.

सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं येणार होती. सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली, आदिवासींची. (तेव्हा जिल्हा धुळे, नंदुरबार वेगळा झाला १९९८ला.) जमिनीला जमीन द्यायची, असं १९७९चा नर्मदा लवादाचा निवाडा सांगत होता. जमीन आणायची कुठून? सरकारने तळोद्याच्या जंगलाकडे बोट दाखवलं. १९९०पासून टप्प्याटप्प्याने सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन त्यासाठी मोकळी करण्यात आली.

कागदावर ते जंगल होतं. जमिनीवर तिथे तळोद्याच्या आदिवासींची वावरं होती. सरकारदरबारी त्यांचं नाव ‘अतिक्रमणदार’.

म्हणजे बघा. धरणाने बुडालेला आदिवासी एका बाजूला, त्याच्यासाठी उठवला जाणारा आदिवासी दुसऱ्या बाजूला. दोघांकडे भाकरी नाही, दोघांची बाजू खरी. पंच म्हणून कोण? तेच सरकार, ज्याने एकाचं गाव बुडवलं आणि दुसऱ्याच्या वावराला जंगल म्हटलं.

यात वसणाऱ्याचा गुन्हा काय? तो हौसेने आला होता का? नर्मदेच्या काठावरची पिढीजात शेती सोडून सोमावळला, रोझव्याला पत्र्याखाली राहायची कुणाला उबळ येते? पण ज्याचं वावर गेलं त्याने हे सगळं समजून घेऊन उपाशी राहायचं का?

दोन पीडितांना एका बांधावर उभं करून तिसऱ्याने सावलीत बसायचं. ही युक्ती ना तळोद्यात जन्मली, ना जेरुसलेमात.

युरोपात लाखो ज्यू मारले गेले. मारणारे युरोपातले. किंमत मोजायला लावली कुणाला? नेगेवच्या बेदुइनाला, जाफाच्या बागवानाला. आणि वाचलेल्यांना तरी कुठे विचारलं होतं? आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंपैकी कित्येकांच्या वाट्याला दिमोना, बिरशेबा आलं. तो भाग इस्रायलच्या १९४९च्या रेषेच्या आतला, वेस्ट बँकेतला नव्हे. तरी कोकणातल्या नवगावच्या समुद्राकाठून वाळवंट मागायला कोण जातं? वसणारा कुठे वसेल, हे वसवणारा ठरवतो. म्हणून नीतीचा जाब आधी त्याला.

एवढं म्हणून वसणारा सुटतो असंही नाही. तळोद्याच्या विस्थापिताचं गाव पाण्याखाली होतं, त्याला परतायची वाट नव्हती. तेल अवीवपेक्षा घर निम्म्यात मिळतं म्हणून डोंगरापलीकडे राहायला गेलेल्याचं गाव कोणत्या पाण्याखाली आहे?

२००६ला वनहक्क कायदा आला. त्याच्या प्रस्तावनेत ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे. लगेच अटही आहे: १३ डिसेंबर २००५पूर्वी जमीन कसत होता, हे दाखवा. ज्याच्यापर्यंत कागद कधी पोचला नाही, त्याने कागद दाखवायचा. मार्च २०१८मध्ये तोच कागद मागायला हजारो माणसं नाशिकहून मुंबईला चालत गेली. पायांची सालटी निघाली. तेवढा पुरावा कॅमेऱ्याने मान्य केला.

आपल्या अमळनेरात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी तिथे शिकायला आले आणि पुढे गावच्या शाळेत मास्तर झाले. एवढी परंपरा आहे, तर एक कोडं त्या अंगणात टाकतो. वसाहतीत जन्मलेलं पोरगं. आज दहा वर्षांचं. त्याने कुणाचं काही घेतलेलं नाही. त्याला उठवायचं का?

पोरगं निर्दोष आहे. त्याच्या शाळेखालच्या जमिनीचा उतारा मात्र दुसऱ्याच्या नावावर आहे.

‘आता इतकी माणसं हलवणार कशी’ हा शेवटचा पत्ता नेहमी बाहेर पडतो. ऑगस्ट २००५मध्ये इस्रायलने गाझातल्या सगळ्या २१ वसाहती उठवल्या. सुमारे ८ हजार माणसं, त्यांच्याच सैनिकांनी, रडत रडत बाहेर काढली. तिथे पुढे हमास आली, रॉकेटं आली, ७ ऑक्टोबर २०२३ आला, मग गाझाची राख. ‘बघा, सोडलं म्हणून असं झालं’, असं आता सांगतात. खरं की खोटं, यावर टपरी आणखी वीस वर्षं चालेल. पण ५ लाख हलत नाहीत म्हणणाऱ्यांनी १ लाख १० हजार असताना काय केलं, तेही एकदा सांगावं.

म्हटलं ना, तारखा.

वाचकहो, आपल्या कायद्यात १२ वर्षं उघडपणे ताबा ठेवला आणि खऱ्या मालकाने दावा लावला नाही, तर जमीन ताबेदाराची होऊ शकते. आप्पांचं नववं चालू आहे. मोजणीचा अर्ज त्यांनी दिला आहे, फी भरली आहे, पावती पाकिटात घेऊन फिरतात.

मोजणीची तारीख पडली आहे पुढच्या महिन्यात. शेजाऱ्याने ट्रॅक्टर सांगितला आहे सोमवारी.